बोटीवरचा मुलगा

सिंगापूरच्या बेडोक भागातल्या त्या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी साडेसातला वॉशिंग मशीन सुरू व्हायचं. आत एक जुनं पायपुसणं असायचं, बाकी काही नाही. रोज धुतल्यामुळे ते इतकं स्वच्छ झालं होतं की त्यावर पाय पुसायचा संकोच वाटायचा.

मी तिथे एक खोली भाड्याने घेतली तेव्हा पहिल्या आठवड्यात मला हे स्वच्छतेचं लक्षण वाटलं, दुसऱ्या आठवड्यात वेडाचं. शेवटी धीर करून विचारलं.

"चीफसाहेब, हे रोज काय धुता?"

"काही धुत नाही. आईला फोन करतो."

एवढं सांगून ते चहा प्यायला लागले. पुढचा प्रश्न विचारायची जबाबदारी समोरच्यावर टाकून निवांत बसायचं, ही त्यांची बोलण्याची रीत होती.

त्यांना सगळेच चीफसाहेब म्हणायचे. आयुष्याचा बराच भाग मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून ते चीफ इंजिनियर म्हणून उतरले, आणि मग सिंगापुरात एका कंपनीत किनाऱ्यावरची नोकरी धरली. बंदराबाहेर नांगरलेल्या जहाजांवर लाँचने जायचं, इंजिनं तपासायची आणि संध्याकाळी परत यायचं. फ्लॅट त्यांनी भाड्याने घेतलेला होता, त्यातली एक खोली माझी. मी वन-नॉर्थला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करायचो. ते काम नेमकं काय आहे हे त्यांना समजावून सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "म्हणजे तू नसलास तर काय बंद पडेल?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही. बोटीवर सगळ्यात कनिष्ठ इंजिनियरला फायव्हर म्हणतात. फ्लॅटमध्ये माझा हुद्दा तो.

चीफसाहेबांनी लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणायचे, "कुठल्या बंदरात करायचं होतं?"

त्यांची आई तासगावला. वय ऐंशीच्या पुढे, आणि आठवणी शेवटाकडून निघून चाललेल्या. आधी कालचं गेलं, मग गेल्या वर्षीचं, मग गेल्या वीस वर्षांचं. जे उरलं त्यात त्यांचा मुलगा तिशीचा होता, काळ्या मिशांचा होता आणि बोटीवर होता. चीफसाहेब जहाजावरून फोन करत त्या दिवशी मागे जनरेटरची घरघर असायची. ती ऐकली की आई म्हणायच्या, "कामावर आहेस होय. बरं," आणि फोन ठेवून नीट जेवायच्या. फ्लॅटमधून फोन केला की मागे सगळं शांत. मग आवाज बदलायचा. "बाळ, बोट बंद पडली का रे?" त्या दिवशी ताट तसंच राहायचं.

म्हणून मशीन. पायपुसणं अशासाठी की रिकामं मशीन फिरवणं त्यांच्यातल्या इंजिनियरला पटत नव्हतं. "लोड पाहिजे," ते म्हणायचे. "पिळायला लागलं की बरोबर आवाज येतो."

"म्हणजे आईंना तुम्ही खोटंच सांगता."

"मी काय बोललो? मशीन चालू आहे, एवढंच. ती काय समजते ते तिचं."

हे बोलताना मात्र त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खोटं हा त्यांच्या दृष्टीने लहानसहान दोष नव्हता. इंजिनरूममध्ये कोणी न तपासता 'तपासलं' म्हणालं की माणसं भाजतात, आणि हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यामुळे घरातून निघालेलं नसताना 'पोचतोच आहे' म्हणणं हे मराठी माणसाचं साधं सौजन्य त्यांना कधी जमलं नाही. लग्नाचं आमंत्रण आलं तर कळवायचे, 'येणार नाही. यायची इच्छा नाही.' मी एकदा पोहे केले. ते खाऊन म्हणाले, "मीठ जास्त आहे, पोहे कमी भिजलेत. बाकी पोहेच आहेत."

हाच माणूस आईच्या आजारपणाच्या सुरुवातीला सत्यवादीपणाने अडचणीत आला होता. आई विचारायच्या, "हे आले का रे?" 'हे' म्हणजे वडील. चीफसाहेब सांगायचे, "आई, बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली." मग आई रडायच्या, पहिल्यांदा कळल्यासारख्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच रडणं. असं किती दिवस चाललं ते त्यांनी सांगितलं नाही, पण सांगताना चष्मा काढून उगाच पुसत बसले. पुढे त्यांनी तोड काढली. आईंनी विचारलं की म्हणायचे, "अजून आले नाहीत." यातला एकही शब्द खोटा नव्हता. अशी उत्तरं तयार करण्यात ते हळूहळू तरबेज झाले. कुठं आहेस? बंदरात. कधी येणार? सुट्टी मिळाली की. एखाद्या वकिलाने हेवा करावा अशी ती उत्तरं ऐकताना मला या माणसाची गंमत वाटायची आणि गंमत वाटल्याची लाजही.

यंत्राला बोलतं करायचं तर आधी ऐकून घ्यावं लागतं, असं त्यांचं मत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक फ्रिजला टेकवून त्याची मूठ कानाला लावून ते उभे असायचे. लिफ्टमध्ये शिरले की भिंतीला तळहात लावायचे. एकदा त्यांनी आमच्या लिफ्टचं बेअरिंग जाणार असं जाहीर केलं. "चीफ से कॅनॉट, देन कॅनॉट ला," म्हणजे चीफ नाही म्हणाले तर नाहीच, असं म्हणून शेजारचे चिनी अंकल जिन्याने ये-जा करायला लागले. लिफ्ट काही बंद पडली नाही. अंकलचे गुडघे मात्र गेले, आणि तरी त्यांची चीफवरची श्रद्धा ढळली नाही.

तासगावचं घरही ते असंच कानाने चालवायचे. आमचे साडेसात म्हणजे तिथले पाच. आईंसोबत राहणाऱ्या सुमनताई फोन घेऊन घरभर फिरायच्या आणि हे इथे फोन टेबलावर पालथा ठेवून डोळे मिटून बसायचे. स्वयंपाकघर, न्हाणी, मागचं दार, आईंची खोली. याला ते राउंड म्हणायचे.

"सुमनताई, न्हाणीतला नळ गळतोय."

"होय दादा, जरासा."

"आईची उजवी चप्पल घासतेय."

"नाही हो, चांगल्या चालतात की."

"बघा एकदा."

दुसऱ्या दिवशी सुमनताईंनी सांगितलं, अंगठ्याचं नख आत गेलं होतं, आणि आई बोलल्या नव्हत्या. राउंड संपला की चीफसाहेब मान हलवायचे, मग फायव्हरने जाऊन मशीनचं बटण दाबायचं, मग फोन आईंकडे.

फोनला चित्र असताना तो पालथा का ठेवायचा, हे मला नंतर कळलं. चित्रावर त्यांनी एकदाच बोलून बघितलं होतं. आईंनी पडद्यावर पाहिलं, डोक्यावरून पदर घेतला आणि हळूच म्हणाल्या, "अगं सुमन, हे गृहस्थ कोण? ह्यांच्या ऑफिसातले दिसतात." तेव्हापासून चित्र बंद.

"वाईट वाटलं असेल," मी म्हणालो.

"टक्कल पडल्याचं इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.

कान पुरणार नाहीत असं वाटून मध्यंतरी त्यांनी यंत्रं बसवायचाही घाट घातला होता. जहाजावर जे जे धोक्याचं असतं त्याला अलार्म असतो, तेव्हा तासगावच्या घरातही हवा. गॅस गळला तर वाजणारं एक यंत्र त्यांनी इथून निवडून पाठवलं. ते फार चोख होतं, फोडणीच्या धुरालाही वाजायचं. आईंना आठवणीत शिट्टी एकच माहीत, कुकरची. यंत्र वाजलं की त्या जिथे असतील तिथून उठायच्या, सवयीने स्वयंपाकघरात जायच्या आणि गॅसची बटणं फिरवायच्या. बंद असलेली चालू व्हायची. म्हणजे महिनाभर चीफसाहेबांचं यंत्र धोक्याची सूचना देऊन धोका तयार करत होतं. हे लक्षात आल्यावर त्यांनी सुमनताईंना ते काढून ठेवायला सांगितलं आणि मला म्हणाले, "डिझाइन करणाऱ्याने वापरणाऱ्याला विचारलं नव्हतं." डिझाइन करणारा कोण, हे त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

इथल्या मराठी मंडळींनी एकदा 'दूरदेशी आपण, मायदेशी आईबाबा' असं व्याख्यान ठेवलं होतं. मी चीफसाहेबांना ओढून नेलं. वक्ते भारी कोट घालून आले होते आणि त्यांच्या स्लाइडवर सूर्यास्त फार होते. माया ही मॅनेज करण्याची गोष्ट आहे असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यासाठी घराच्या प्रत्येक खोलीत कॅमेरा हवा. शंका विचारा म्हटल्यावर चीफसाहेब उभे राहिले.

"तुमच्या आई आहेत?"

"आहेत ना. पुण्याला असतात."

"त्यांच्या खोलीत बसवलाय?"

"नाही, माझी आई अगदी ठणठणीत आहे."

"मग तिथे बसवून बघा," चीफसाहेब म्हणाले आणि खाली बसले.

वक्त्यांनी पुढचा सूर्यास्त लावला.

तर असं हे सगळं फोनवर आणि पायपुसण्यावर चालू होतं आणि चालूही राहिलं असतं. पण सुमनताईंच्या लेकीचं बाळंतपण जवळ आलं. महिनाअखेरीला त्या तिच्याकडे जाणार, आणि कधी परतणार ते नक्की नाही. दुसरी बाई मिळत होती, पण आईंना नवीन चेहरा म्हणजे नवीन भीती. त्यात डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं की आवाजाची ओळख अजून आहे, ती किती दिवस राहील ते सांगता येत नाही. चीफसाहेबांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. जी एक ओळख उरली आहे ती आहे तोवर आईजवळ राहायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

ही बातमी मंडळींना कळल्यावर सत्कार टळणं शक्य नव्हतं. शाल आली, नारळ आला, आणि एका बँकेतले बडे अधिकारी भाषणाला आले. स्वतःच्या आईबद्दल बोलता बोलता ते तिच्या सांगण्यावरून आपण परीक्षेत कसे पहिले आलो तिथे पोचले, आणि परत यायला त्यांना वेळ लागला. शेवटी चीफसाहेबांकडे हात करून ते म्हणाले, "आधुनिक श्रावणबाळच म्हणायचं यांना."

चीफसाहेबांना दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. ते म्हणाले, "श्रावणबाळ पाणी आणायला गेला तो परत आला नाही. दुसरं उदाहरण शोधा. नारळ मी घेतो."

विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो. त्यांचं सामान एका बॅगेत मावलं होतं. निरोप म्हणून त्यांनी मला फ्रिजच्या मागची जाळी महिन्यातून एकदा पुसायला सांगितलं.

पोचल्यावर फोन आला.

"पोचलो."

"आई काय म्हणाल्या?"

"कोण पाहिजे म्हणाली."

मग त्यांनी सगळं सांगितलं, एखाद्या जहाजाची पाहणी सांगावी तसं. दार आईंनीच उघडलं होतं. हे "आई, मी आलो" म्हणाले. आईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, मग नवल वाटल्यासारख्या म्हणाल्या, "आवाज अगदी माझ्या मुलासारखा आहे हो तुमचा. पण तो बोटीवर असतो." व्हरांड्यात खुर्ची दिली, पाणी दिलं. पाच वाजायला आल्यावर आई फोनजवळ येऊन बसल्या. मुलगा समोर बसलेला आणि आई त्याच्या फोनची वाट बघतायत. फोन वाजेना तशी त्यांची चुळबुळ वाढली. सुमनताईंनी ताट आणलं ते सरकवलं. तेव्हा चीफसाहेब उठले, गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीमागे जाऊन उभे राहिले आणि तिथून घरी फोन लावला.

"कामावर आहेस होय," आई म्हणाल्या. "बरं." आणि जेवल्या.

पुढे हेच सुरू झालं. दिवसभर ते घरातले पाहुणे, पाच वाजता गिरणीमागचा मुलगा. पण पाहुण्यांचा मुक्काम लांबला तशी आईंना काळजी वाटायला लागली. हे कधी जाणार, असं त्या सुमनताईंना विचारायच्या. संध्याकाळी आपल्या खोलीची कडी आतून लावून घ्यायच्या. सुमनताई होत्या तोवर निभत होतं. त्या गेल्यावर आई आणि त्यांना नको असलेला एक परका पुरुष, एवढेच घरात उरणार होते.

"आईंनी राहू दिलं नाही तर?" मी विचारलं.

"तर दुसरी बाई ठेवायची आणि परत यायचं. माझी खोली दिली नाहीस ना कोणाला?"

"नाही. पण फोनवर सांगून टाका ना, तो मीच आहे म्हणून. फोनवरच्या तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा."

"सांगितलं."

"मग?"

"फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी फोन हातात घेईना. सुमनताईंना म्हणाली, बाळचा आवाज काढून कोणीतरी फसवतंय." मग ते म्हणाले, "खरं बोलून दोन्हीकडून गेलो असतो. तिसऱ्या दिवशी घेतला तिने. विसरली होती म्हणून वाचलो."

विसरण्याचे आभार मानताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो.

महिना संपत आला. त्या रविवारी मी बेडोकच्या मार्केटमधून भाजी घेऊन घरी आलो आणि त्यांचा फोन आला.

"आत्ताच बोललो तिच्याशी," ते म्हणाले. आवाज नेहमीचा होता, फक्त जरा घाईचा. "म्हणाली, घरात एक म्हातारे राहायला आलेत. सुमन त्यांना पाहुणे म्हणते, पण जात नाहीत. आता सुमनही चाललीय. घरात मी एकटी बाई. ठेवू का जायला सांगू, तूच सांग."

मी पिशवी ओट्यावर ठेवली. "तुम्ही काय सांगितलं?"

"आधी विचारलं, त्रास देतात का? म्हणाली, त्रास नाही. नळबिळ नीट करतात. जेवताना बोलत नाहीत. मग म्हणाली, तू ओळखतोस का त्यांना?"

"आणि?"

"ओळखतो म्हणालो. बोटीवर बरोबर होतो म्हणालो."

"बरोबर."

"माणूस चांगला आहे का म्हणाली."

"मग?"

"तसा बरा आहे म्हणालो. यापेक्षा जास्त सांगता येईना. मग मी म्हणालो, आई, तुला चालत असेल तर राहू दे त्यांना. तिने फोन सुमनताईंकडे दिला. आता मी घराच्या पायरीवर बसलोय."

"त्या काय करतायत?"

"आत आहे. कप वाजतायत."

मग चपलांचा आवाज ऐकू आला, सावकाश, दाराच्या दिशेने. "थांब," ते मला म्हणाले. फोन त्यांनी बहुतेक पायरीवरच ठेवला.

"अहो," आईंचा आवाज आला.

"बोला."

"माझ्या मुलाचा फोन आला होता. बोटीवर मोठा इंजिनियर आहे तो. त्याला विचारल्याशिवाय मी काही करत नाही."

"बरोबर आहे."

"तो तुम्हाला ओळखतो म्हणाला. राहू दे म्हणाला. तेव्हा राहा."

चीफसाहेब काहीच बोलले नाहीत. त्या म्हाताऱ्यांना ऐकू कमी येत असावं असं आईंना वाटलं असणार, कारण त्या मोठ्याने म्हणाल्या, "राहा म्हटलं. त्याच्याच खोलीत झोपा. रिकामीच असते."

"त्याला सांगा," चीफसाहेब म्हणाले, "आभारी आहे म्हणून."

"सांगते की. उद्या येईल त्याचा फोन. या आत, चहा निवतोय."

पायरीवरचा फोन चालूच राहिला होता. मी माझ्या बाजूने बंद केला.